जयवंताबाईनं लेकीला काय शिकवलं

नागपूरजवळ वाडीला, अमरावती रोडवरच्या गोदामांमागं जी बैठी चाळ होती, तिथं जयवंताबाईनं सोळा वर्षं काढली. पण तिच्या डोळ्यात पाणी पाहिलं असं सांगणारं एक माणूस त्या चाळीत सापडलं नसतं. याचा तिला भारी अभिमान. आता अभिमान कशाचा धरावा, हे माणसाला वेळेवर कळलं असतं तर आणखी काय पाहिजे होतं? ते कळत नाही, म्हणून तर ही गोष्ट सांगायची.

तिचं सासर कळमेश्वरकडचं. घरी ओलिताची शेती, बैलजोडी, संत्र्याची थोडी झाडं, आणि चंद्रभान नावाचा नवरा. या चंद्रभाननं एक दिवस दुसरी बाई आणून घरात बसवली. गावात असे आणखीही होते. पहिलीनं मुकाट्यानं रांधावं, दुसरीनं खावं, आणि लोकांनी पहिलीलाच विचारावं की तुझं काय चुकलं. जयवंतानं आठ दिवस रांधलं. नवव्या दिवशी आठ वर्षांची पंचफुला एका हाताला, पाच वर्षांचा देवराव दुसऱ्या हाताला, अशी ती एसटीत जाऊन बसली. ते साल अडुसष्ट.

वाडीला तिचा थोरला भाऊ ताराचंद एका गोदामात हमालांचा मुकादम होता. माणूस भला, पण बायकोपुढं मान वर करणारा नव्हे. त्यानं बहिणीला चाळीत खोली पाहून दिली, आणि फाटकी पोती शिवायचं काम लावून दिलं. दाभण, सुतळी आणि पोत्यांचा ढीग. दिवसभर तागाची धूळ नाकातोंडात जायची, संध्याकाळी शिंकलं की काळं पडायचं. पण काम होतं, खोली होती, पोरं शाळेत जात होती. यात जर जिजाबाई नसती, तर जयवंता सुखी होती असंही म्हणता आलं असतं.

जिजाबाई म्हणजे ताराचंदची बायको, जयवंताची भावजय. तिचं घर दोन ओळी पलीकडं. नणंद येऊन उरावर बसली, हा तिला दुष्काळात तेरावा महिना वाटला. समोरासमोर ती कधी भांडली नाही, तेवढी ती हुशार होती. ती नळावर आपल्या पोरांना ओरडायची, की घर सोडून पळणाऱ्यांच्या पोट्ट्यांत खेळत जाऊ नका. लेकी बोले सुने लागे, दुसरं काय. नळावरच्या बाया ऐकायच्या आणि घागर भरेपर्यंत जयवंताकडं बघत राहायच्या.

त्याच वर्षी महालक्ष्म्यांच्या जेवणाला जिजाबाईनं भाच्यांना बोलावलं. पंगतीत वाढताना सगळ्या बायांसमोर ती म्हणाली की या पोट्टीला आधी वाढा, हिच्या घरी बाप नाही, पुरण कुठं पाहते ती. पंचफुला ताटावरून उठून रडत घरी आली. मागून देवराव, तोही रडत. तो का रडतो हे त्याला माहीत नव्हतं, बहीण रडते म्हणून रडायचा.

जयवंतानं दोघांना पाहिलं आणि विचार केला. जिजाबाईच्या दारात जाऊन चार शब्द सुनवावे, तर आपलेच दात आणि आपलेच ओठ. भावाचं घर तुटलं की खोली गेली, काम गेलं, मग पुन्हा कळमेश्वर. तिथं तर ती मेली तरी जाणार नव्हती. म्हणजे लोकांची तोंडं बंद करणं आपल्या हातात नाही. पोरांची कातडी जाड करणं आहे. तिला हे इतकं सरळ आणि बरोबर वाटलं की तिनं दुसऱ्याच दिवशी सुरुवात केली.

सकाळी शाळेच्या आधी ती पंचफुलाची वेणी घालायची. पोरीचे केस लांब, तेल लावून तीन पेड करायचे. पेड हातात धरला की जयवंता स्वतःच बोलायला लागायची. नळावरच्या बायांच्या आवाजात, जिजाबाईच्या आवाजात. तुझ्या मायला नवऱ्यानं हाकललं. तुझा बाप तुला ओळखत नाही. तुला कोण करून घेईल. समोर आरसा टांगलेला होता, त्यात पोरीचे डोळे दिसायचे. डोळे भरले, की जयवंता घातलेली वेणी सोडायची आणि पहिल्यापासून फणी फिरवायची. पहिला महिना पंचफुला रोज शाळेत उशिरा पोचली. दिवाळी आली तेव्हा वेणी एका दमात पुरी व्हायला लागली.

हे ती मजेनं करत होती असं कोणी समजू नये. वेणी झाली की ती मोरीपाशी जायची आणि तोंडावर पाणी मारायची. पण पोरीला ते दाखवलं नाही. दाखवलं असतं तर बरं झालं असतं.

देवरावला हे जमलं नाही. पहिल्याच टोमण्याला त्याचा ओठ लोंबायचा, आणि तो भोकाड पसरून पळून जायचा. जयवंतानं त्याला मारून पाहिलं, उपाशी ठेवून पाहिलं. तो मार खाऊन रडायचा, आणि उपाशी राहूनही रडायचा. शेवटी तिनं त्याचा नाद सोडला, म्हणाली की हा रडण्यात बाईच्याही वर गेला. आणि सगळी मेहनत पोरीवर लावली.

मग सत्तर सालचा पोळा आला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नागपुरात मारबत निघते. इतवारीतली मोठी मारबत सगळं शहर बघायला जातं, पण वाडीसारख्या वस्तीत पोरं आपली लहानशी करतात. बांबूच्या कामट्या, कागद, चिंध्या, आणि सगळी रोगराई, सगळी पिडा तिच्या माथी मारून ओरडत ओरडत वस्तीबाहेर नेऊन जाळायची. त्या वर्षी जिजाबाईच्या पोरांनी मारबत केली. तिला लुगडं नेसवलं ते फाटक्या पोत्याचं. आणि हातात दिली दाभण.

आता पोत्याचं लुगडं आणि हातात दाभण म्हटल्यावर नाव लिहायची काय गरज. सगळी चाळ दारात आली. मारबत ओळींमधून फिरायला लागली, आणि पोरं ओरडायला लागली:

"ईडा-पिडा घेऊन जाय गे मारबत! नवरा सोडणारीले घेऊन जाय गे मारबत!"

ताराचंद घरातून बाहेरच आला नाही. लाज वाटली असेल, पण लाजेनं काही थांबत नाही. जयवंता दारात उभी राहिली. पंचफुला शेजारी, दहा वर्षांची, वेणी वर बांधलेली. आणि या बाईनं काय करावं? दार लावून घ्यावं? पोरीला पदराखाली घ्यावं? तिनं पोरीच्या पाठीला हात लावला आणि पुढं ढकललं.

"जा. त्यायच्यात जाय, अन् सगळ्यायहून जोरानं ओरड."

"माय, तुयं नाव घेऊन राहिले ते."

"घेऊ दे. तू बी घे. मंग पाहू कोणाचं तोंड उतरते."

पंचफुला गेली. मारबतीच्या अगदी पुढं जाऊन उभी राहिली, आणि मान वर करून ओरडली. तिचा आवाज बारीक होता, पण कापला नाही. आपल्या मायच्या नावानं ती वस्तीच्या टोकापर्यंत ओरडत गेली, आणि मारबत जळली तेव्हा टाळ्या वाजवल्या. जिजाबाईचं तोंड खरोखरच उतरलं. चिडणारं माणूस चिडलं नाही की चिडवणाऱ्याची मजा जाते. देवरावनं मामेभावाच्या दंडाला कडकडून चावा घेतला आणि रडत घरी आला, म्हणून मायचा मार खाल्ला. पंचफुला घरी आली, हातपाय धुतले, दोन भाकरी खाल्ल्या आणि पाढे म्हणत बसली. चाळीतल्या बाया म्हणाल्या, काय पोट्टी आहे. जयवंताची छाती त्या दिवशी अशी भरून आली, की तिला वाटलं आता या पोरीला जगात कोणी काही करू शकत नाही.

इथून पुढची नऊ वर्षं सांगण्यासारखी नाहीत. पोती आली, शिवली, गेली. टोमणे आले, पंचफुलाच्या अंगावरून घसरून गेले. नववीत नापास झाली तेव्हा रडली नाही. कावीळ झाली तेव्हा कण्हली नाही. बाप मेल्याचा निरोप आला, तेव्हा भाजी चिरत होती, ती चिरून संपवली. जयवंताला क्वचित वाटायचं की पोर जरा बोलत का नाही. पण झाकली मूठ सव्वा लाखाची, असं ती स्वतःला समजावायची.

एकोणऐंशीत ताराचंदनंच स्थळ आणलं. कोंढाळीच्या अलीकडं एका गावातले रामाजी, घरी शेती, त्यांचा मुलगा वसंता. टाकलेल्या बाईची पोर म्हणून तोवर चार स्थळं दारातून फिरली होती. रामाजी मात्र म्हणाले की आम्हाला पोरगी शांत पाहिजे, उलटून बोलणारी, सतरा वेळा माहेरी रडत जाणारी नको. जयवंता अभिमानानं म्हणाली की माझी फुला डोळ्यातून टिपूस काढत नाही. रामाजींना ते फार आवडलं. का आवडलं, हे तिनं विचारायला पाहिजे होतं.

पाठवणीच्या वेळी पोरगी रडते, मायच्या गळ्यात पडते, बाया तिला सोडवतात, ही रीत. पंचफुला सगळ्यांच्या पाया पडली आणि गाडीत जाऊन बसली. बाया एकमेकींकडं बघत राहिल्या, जिजाबाई म्हणाली की ही पोर आहे का दगड. जयवंता त्याही दिवशी ताठ उभी होती.

मग चार-पाच वर्षं. पंचफुला सणावाराला यायची, एक दिवस राहून जायची. पहिल्या वर्षानंतर तिला मुलगी झाली. कशी आहेस म्हटलं की बरं आहे. सासू कशी, बरी आहे. वसंता कसा, बरा आहे. जयवंता पुढं विचारायची नाही. विचारलं तर पोर कच्ची पडेल अशी तिला भीती.

देवराव तोवर ट्रकवर क्लीनर झाला होता. अमरावती रोडनं जाताना तो कधी कधी बहिणीच्या गावी उतरायचा. एकदा परत येऊन म्हणाला की माय, फुलाबाईचं काही बरोबर नाही, ती एकाच बाजूनं बघते, मी हाक मारली तर वळली नाही. हे सांगताना त्याचे डोळे भरून आले. एवढा वीस वर्षांचा बाप्या! जयवंता त्याच्यावर खेकसली, की तुला जन्मभर रडायलाच पाहिजे, बहिणीकडून काही शिकला असता तर. या घरात ज्याला दिसत होतं, त्याचं कोणी ऐकत नव्हतं.

चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात जिजाबाईच्या मोठ्या मुलाचं लग्न निघालं. वसंता बायको-पोरीला घेऊन आला होता. मांडवात बायांची पंगत बसली, जयवंता वाढत होती. पंचफुलाच्या डाव्या बाजूला वाकून तिनं विचारलं की वरण घेतेस का. पोरगी समोर बघत जेवत राहिली. पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा अगदी कानाशी जाऊन विचारलं. पदर थोडा सरकला होता, आणि कानात कापूस दिसला, पिवळा पडलेला.

जयवंतानं वरणाची बादली दुसरीच्या हातात दिली. जेवण झाल्यावर लेकीला हाताला धरून मांडवामागं नेलं, तिच्या उजव्या बाजूला उभी राहिली.

"कानाले काय झालं वं?"

"काही नाही. पाणी गेलं."

"कवा?"

"झाले असतीन तीन वर्षं."

पाणी तीन वर्षं कानात राहत नाही, हे पोती शिवणाऱ्या बाईलाही कळतं. वसंतानं मारलं का, असं तिनं विचारलं. पंचफुला मान हलवून हाव म्हणाली. भाजीत मीठ कमी आहे, एवढ्याच सुरात. मग जयवंतानं विचारत विचारत काढलं तेव्हा कळलं, की एकदा नाही, महिन्यातून दोन-तीनदा. सासू दार ओढून घेते, म्हणजे शेजाऱ्यांना दिसायला नको. पोरीचा आवाज तर बाहेर जातच नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, इथं तोंड दाबायचेही कष्ट नव्हते.

"अन् मले काहून नाही सांगतलं?"

"त्यात सांगासारखं काय होतं? मले लागत नाही, माय."

तेवढ्यात वसंतानं मांडवाच्या तोंडाशी उभं राहून हाक मारली, गाडीची वेळ झाली. ती हाक पंचफुलाला बरोबर ऐकू गेली. तिनं पोरीला कडेवर घेतलं आणि निघून गेली. जयवंता तिथंच, उष्ट्या पत्रावळींच्या ढिगापाशी किती वेळ उभी होती, तिलाच माहीत नाही. लागत नाही. हे शब्द आपणच वेणीच्या पेडात घालून दिले, हे तिला आता कळलं. सोळा वर्षांनी.

दुसऱ्या दिवशी ती एकटी कोंढाळीच्या गाडीत बसली. ठरवूनच निघाली होती, की लेकीला घेऊनच यायचं. जगानं काय म्हणायचं ते म्हणो, मायलेकी दोघी टाकलेल्या म्हणो, पण पोर तिथं ठेवायची नाही.

रामाजींच्या अंगणात ती उभी राहिली आणि सगळं स्पष्ट बोलली. आवाज ऐकून शेजारपाजारची माणसं कुंपणाशी जमली. रामाजी खाटेवर बसले होते, ते जागचे हलले नाहीत. वसंता गोठ्याच्या दारात बिडी पीत उभा राहिला. सासू म्हणाली की लग्नाच्या मांडवात कोणी कान फुंकले दिसतात. रामाजींनी हातानंच तिला गप्प केलं. ते शांत माणूस होते, आणि अशा शांत माणसांची मला फार चीड येते.

"विचारा तुमच्या पोट्टीले," ते म्हणाले. "तिले तरास असन तर आत्ताच्या आत्ता घेऊन जा. आमी अडवत नाही."

सगळे पंचफुलाकडं बघायला लागले. ती ओसरीच्या पायरीवर, पोर पायाशी. तिनं एक शब्द बोलायचा होता. एवढी माणसं साक्षीला होती, सासऱ्यानं स्वतः तोंडानं कबूल केलं होतं.

"मले काही तरास नाही," पंचफुला म्हणाली.

"फुला, खरं सांग."

"खरंच सांगून राहिली, माय."

आणि ती खोटं बोलत नव्हती. जयवंताला ते तिच्या तोंडावर दिसलं. भीतीनं लपवलं असतं, तर मायनं ते ओढून बाहेर काढलं असतं. इथं लपवलेलं काही नव्हतंच. आपल्याला दुखतं, हेच पोरीला कळेनासं झालं होतं. कुंपणावरची माणसं हळूहळू हसायला लागली. रामाजींनी चंची काढून पान लावायला घेतलं.

जयवंता मटकन अंगणात बसली. आधी आवाजच फुटला नाही, सवय नव्हती. नुसती छाती हलत राहिली, तोंड उघडं. मग जो हुंदका आला तो सोळा वर्षांचा होता. पदर डोक्यावरून गेला, नाक गळायला लागलं, ती कपाळ मातीला लावून मोठमोठ्यानं रडायला लागली. सासू म्हणाली, नाटकं. पंचफुला पायरी उतरून आली. मायला अशी तिनं जन्मात पाहिली नव्हती. तिला लाज वाटली.

"उठ माय. लोक पाहून राहिले."

"पाहू दे," जयवंता म्हणाली.

आजी रडते हे पाहून तीन वर्षांच्या नातीनं भोकाड पसरलं. पंचफुलानं तिच्याकडं वळून नुसतं बोट वर केलं. पोरीनं तोंड मिटलं. ओठ थरथरत होते, गळा हलत होता, डोळे फुटायला आले होते, पण आवाज बंद. एवढीशी पोर रडणं गिळत होती, आणि तिला ते चांगलं येत होतं.

जयवंतानं लेकीचं मनगट धरलं आणि ते बोट खाली केलं.

"रडू दे तिले," ती म्हणाली. "तुले मी रडू देलं नाही. मायं चुकलं वं फुला. मायं लय चुकलं."

पोर पुन्हा रडायला लागली, आता दुप्पट. कुंपणावरचं हसणं थांबलं होतं. पंचफुला पोरीकडं बघत उभी राहिली. तिनं पुन्हा बोट वर केलं नाही. एक हात मायच्या हातात होता. मग दुसरा हात तिनं सावकाश डाव्या कानावर नेला.

"माय," ती म्हणाली, "कान दुखते." जणू हे ऐकून तिचं तिलाच नवल वाटलं. "लय दुखते वं."

रामाजींचं पान तसंच हातात राहिलं. शब्द त्यांनी सगळ्यांसमोर दिला होता, आणि ऐकणारे तिथंच उभे होते. त्याच दुपारच्या गाडीनं तिघी नागपूरला निघाल्या. वसंता फाट्यापर्यंत मागं मागं आला, शिव्या दिल्या, आणि परत गेला.

कान काही बरा झाला नाही. डॉक्टर म्हणाले, लगेच आणली असती तर पाहिलं असतं. वाडीच्या नळावर पुन्हा जुनंच सुरू झालं, की मायच्या वळणावर लेक गेली, आता नातीची पाळी. जिजाबाई तर उघडच बोलायची. सासरहून दोन निरोप आले, मग तेही थांबले. पंचफुला मायशेजारी बसून पोती शिवायला लागली. बोलणं तिला फारसं कधी आलंच नाही. पण कान ठणकायला लागला की ती दाभण खाली ठेवायची आणि कण्हायची, मोठ्यानं, दिवसाढवळ्या. भिंतीपलीकडं सगळ्यांना ऐकू जायचं. जयवंता दार उघडंच ठेवायची.